लाल वालुकाश्माचे समुद्रकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दगड लाल कशामुळे असतात? आतून पण लालच असतात का?

लोखंडामुळे. पण लोकांना वाटतं तसं दगडात लोखंड ठासून भरलेलं नसतं. वालुकाश्म म्हणजे सँडस्टोन, वाळूचे दाणे थरावर थर साचून, दाबले जाऊन, एकमेकांना चिकटून झालेला दगड, आणि त्यातले बहुतेक दाणे क्वार्ट्झचे म्हणजे गारेचे असतात, जे मुळात पांढरट किंवा जवळजवळ पारदर्शक असतात. लाल असतो तो त्या दाण्यांवरचा हेमॅटाइटचा अगदी पातळ पापुद्रा. हेमॅटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाच्याच घराण्यातलं. एकूण दगडात लोह शंभरात एक-दोन भाग असलं तरी अख्खा कडा विटकरी दिसायला तेवढं पुरतं.

जमलं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा आणि खाली पडलेल्या एखाद्या दगडाची ताजी तुटलेली बाजू उन्हात धरून बघा. नुसत्या डोळ्यांना सगळा लालेलाल वाटणारा तो तुकडा भिंगाखाली एकदम वेगळा दिसतो, गोलसर चमकणारे दाणे, प्रत्येकावर लालसर लेप, मधे मधे एखादा अभ्रकाचा चमचमता पत्रा, आणि जिथे दाणा फुटलाय तिथे आतून तो स्वच्छ काचेसारखा. बोट घासलं तर बोटाला लाल भुकटी लागते. म्हणजे रंग आतपर्यंत आहे, पण दाण्याच्या आत नाही, दाण्यांच्या मधे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण खालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात.

म्हणजे लाल दगड = जुनं वाळवंट, बरोबर ना?

बऱ्याचदा हो, पण नेहमी नाही. नुसतं वाळवंट असून वाळू लाल होत नाही, आजची कितीतरी वाळवंटं पिवळीच आहेत. महत्त्वाचं काय, तर लोह असलेली खनिजं, त्यांच्यापर्यंत पोचणारा ऑक्सिजन आणि भरपूर वेळ. वाळू साचली, गाडली गेली, मग तिच्यातून ऑक्सिजन असलेलं पाणी झिरपत राहिलं की बायोटाइट, हॉर्नब्लेंड, मॅग्नेटाइट अशी खनिजं हळूहळू सडतात, त्यातलं लोह सुटतं आणि दाण्यांवर लेप होऊन बसतं. त्यामुळे बराचसा रंग हा वाळू साचल्यानंतर चढलेला असतो. हे ओळखायची युक्ती मला फार आवडते: सूक्ष्मदर्शकाखाली दोन दाणे जिथे एकमेकांना टेकलेत ती जागा बघायची. तिथेही लेप असेल तर दाणे येतानाच लाल होते, आणि नेमकी टेकलेली जागाच कोरी असेल तर दाणे आधी शेजारी बसले आणि रंग मागाहून आला.

उष्ण आणि मोसमी कोरड्या हवेतल्या नद्यांचे गाळ पण असेच लाल होतात. जिथे झाडपाला खूप कुजतो तिथे मात्र जमत नाही, कारण कुजताना ऑक्सिजन संपतो, मग लोह पाण्यात विरघळून निघून जातं आणि दगड करडा-हिरवट राहतो. आणि एक, पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात असे लाल थर जवळजवळ सापडतच नाहीत. हवेत ऑक्सिजन साठायला लागल्यानंतर, साधारण २३० कोटी वर्षांपूर्वीपासून, ते दिसायला लागतात. म्हणजे लाल कड्याचा रंग हा हवेत ऑक्सिजन असल्याचा पुरावा पण आहे.

लाल भिंतीवर मधेच हिरवट-पांढरे गोल ठिपके दिसतात ते काय? शेवाळ का?

नाही, शेवाळ नाही, नखाने खरवडून बघा, जात नाही. ते ठिपके म्हणजे रंग उडालेल्या जागा. तिथे लोह विरघळण्याच्या अवस्थेत गेलं, लेप गेला आणि खालचा मूळ फिकट रंग उघडा पडला. बरेचदा ठिपक्याच्या मधोमध एक काळा बिंदू असतो, तिथेच ही रासायनिक भानगड सुरू झालेली असते आणि मग ती सगळ्या दिशांनी सारखी पसरते म्हणून ठिपका इतका गोल. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर बडली सॉल्टर्टन गावाजवळच्या लाल चिखलदगडात अशा गाठी सापडतात ज्यांच्या गाभ्यात व्हॅनेडियम आणि युरेनियम आहे, किंचित किरणोत्सारी. भेगांच्या कडेने पण असेच फिकट पट्टे दिसतात, कारण पाणी तिथूनच फिरलेलं असतं.

हे दगड किती जुने आहेत?

एकच वय नाही सांगता येत. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे गट येतात. एक डेव्होनियन काळातला, साधारण ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, याला ओल्ड रेड सँडस्टोन म्हणतात. दुसरा पर्मियन आणि ट्रायासिक काळातला, ३० ते २० कोटी वर्षांपूर्वीचा, तो न्यू रेड सँडस्टोन. दोघांच्या मधे कोळशाचे थर येतात, त्यामुळे कोळसा शोधणाऱ्यांना हा फरक कळणं फार गरजेचं होतं, कारण ओल्ड रेडमधे खोदत बसलात तर खाली कोळसा मिळायचाच नाही.

पहिल्या गटाच्या वेळी मोठी पर्वतरांग झिजत होती आणि तिचा गाळ नद्या खाली आणून टाकत होत्या. दुसऱ्याच्या वेळी सगळी जमीन एकत्र होती, पँजिया, आणि आजचं ब्रिटन त्या महाखंडाच्या आत, समुद्रापासून लांब, विषुववृत्ताच्या थोडंसं उत्तरेला, तापलेलं पडलं होतं.

या दोन गटांशिवायही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रूमजवळ गँथॉम पॉइंटला जो लालभडक वालुकाश्म समुद्रात घुसलाय तो क्रेटेशियस काळातला, साधारण १३ कोटी वर्षांचा. कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड आयलंड जवळजवळ पूर्ण लाल दगडावर बसलंय, त्याचं वय ३० कोटी वर्षांच्या आसपास.

सिकार पॉइंटचं नाव सगळीकडे येतं, तिथे एवढं काय आहे?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटंसं टोक. १७८८ साली जेम्स हटन, जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल होडीतून किनाऱ्याने जात तिथे पोचले. खाली करड्या दगडाचे थर जवळजवळ उभे, पुस्तकं उभी लावल्यासारखे, आणि त्यांच्या कापलेल्या डोक्यांवर लाल वालुकाश्माचे थर थोडेसेच कललेले. आता विचार करा काय काय व्हावं लागेल. आधी समुद्राच्या तळाशी करडा गाळ साचला, त्याचा दगड झाला, मग तो दुमडून उभा झाला, वर आला, झिजून सपाट झाला, आणि त्या झिजलेल्या जमिनीवर नद्यांनी लाल वाळू आणून टाकली, तिचाही दगड झाला, आणि आता समुद्र दोन्ही कापतोय. खालचे थर साधारण ४३.५ कोटी वर्षांचे, वरचे ३७ कोटींचे, मधली साडेसहा कोटी वर्षं त्या एका रेषेत गायब आहेत. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरलं जायचं त्या काळात हे बघितल्यावर माणसाचं काय झालं असेल! आधुनिक भूविज्ञानाचा पाया जिथे घातला गेला अशा जागांत हे टोक मोजतात ते उगाच नाही, आणि लाल रंग होता म्हणून ती रेषा इतकी डोळ्यात भरली असं मला तरी वाटतं.

कड्यावर तिरक्या रेघा का असतात? थर आडवे नको का?

मोठे थर आडवेच असतात (किंवा नंतर कललेले), पण एका थराच्या आत बारीक रेघा तिरप्या उतरताना दिसतात, त्याची गोष्ट वेगळी. वारा वाळूच्या टेकडीच्या एका बाजूने दाणे वर ढकलतो आणि ते दुसऱ्या बाजूने घरंगळतात. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांपेक्षा जास्त उतार धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे घरंगळलेल्या वाळूचे थर त्या कोनात एकावर एक बसतात. टेकडी पुढे सरकते, वरचा भाग उडून जातो, खालचा तिरका भाग राहतो. मग दुसरी टेकडी येते आणि तिचे थर त्याच्यावर. म्हणून एका पट्ट्यातल्या रेघा एका कोनात आणि वरच्या पट्ट्यातल्या जरा वेगळ्या कोनात.

यातून वाऱ्याची दिशा काढता येते, रेघा ज्या बाजूला खाली उतरतात तिकडे वारा वाहत होता. २५-३० कोटी वर्षांपूर्वीच्या वाऱ्याची दिशा आपण भिंतीवर बोट ठेवून सांगू शकतो, यात जे सुख आहे ते सांगून कळायचं नाही. नदीच्या वाळूतही तिरके थर होतात पण ते सहसा लहान असतात, हातभर उंचीचे वगैरे, वाऱ्याचे मात्र कित्येक मीटर उंच असू शकतात. दाण्यांवरून पण कळतं. वाऱ्याने आणलेले दाणे एका मापाचे, बाजरीसारखे गोल आणि आपटून आपटून धुरकट झालेले असतात, नदीच्या वाळूत अभ्रकाचे पत्रे टिकतात, वाऱ्यात ते टिकत नाहीत, भुगा होऊन उडून जातात.

एकच किनारा नीट समजून घ्यायचा असेल तर कुठला?

माझं उत्तर ठरलेलं आहे, इंग्लंडचा पूर्व डेव्हन. डॉलिशपासून सिडमथच्या पुढेपर्यंत. यापेक्षा उंच कडे आहेत, यापेक्षा रंगीत पण असतील, पण इतक्या कमी अंतरात इतकी गोष्ट सलग कुठे मिळत नाही. थर पूर्वेकडे हलके कललेत, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलं की दगड तरुण होत जातो.

डॉलिशला पर्मियन काळातलं वाळवंट आहे. तिथल्या लाल दगडात कोनेदार, न घासलेले तुकडे भरलेले थर दिसतात, म्हणजे डोंगरात अचानक पाऊस झाला आणि कोरड्या ओढ्यातून लोंढा आला, तो जे हाताला लागेल ते घेऊन आला आणि तिथेच टाकून आटला. तुकडे गोल व्हायला वेळच मिळाला नाही. त्याच्याच आसपास वाऱ्याच्या टेकड्यांचे ते तिरके थर.

मग एक्स नदीचं मुख ओलांडलं की एक्समथचं ऑरकम पॉइंट. इथून जुरासिक कोस्ट म्हणून ओळखला जाणारा जागतिक वारसा किनारा सुरू होतो, साधारण १५५ किलोमीटरचा, २००१ साली यादीत आला, आणि त्यात साडेअठरा कोटी वर्षांचे दगड ओळीने लागलेत. टोकावर एक दगडी सुई उभी केली आहे, याच किनाऱ्यावरचे वेगवेगळे दगड वापरून, २००२ मधे तिचं अनावरण झालं. नाव जुरासिक असलं तरी सुरुवातीचा हा सगळा लाल भाग ट्रायासिक आहे बरं का, २५ कोटी वर्षांच्या आसपासपासून पुढचा, जुरासिक नंतर येतो.

मग बडली सॉल्टर्टन, आणि इथे जरा जास्त थांबायला पाहिजे. लाल कड्यात गोल गुळगुळीत गोट्यांचा एक जाड थर आहे, साधारण ३० मीटर. गोटे क्वार्ट्झाइटचे, कठीण, फिकट गुलाबी, जांभळट, करडे. काही गोटे फोडले तर आत शिंपल्यासारख्या समुद्री जिवांचे जीवाश्म मिळाले, आणि ते जीव ४०-४५ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तसेच दगड सापडतात ते आजच्या फ्रान्समधे, ब्रिटनी-नॉर्मंडीकडे. म्हणजे तेव्हा मधे इंग्लिश खाडी नव्हतीच, दक्षिणेकडून उत्तरेकडे एक दांडगी नदी वाहत होती, ती हे गोटे घासत घासत वाळवंटात घेऊन आली. आता समुद्र तो थर पोखरतोय आणि गोटे परत मोकळे होऊन पुळणीवर येतायत. एकच गोटा: आधी समुद्रतळाची वाळू, मग दगड, मग डोंगर, मग नदीतला गोटा, मग कोट्यवधी वर्षं कड्यात बंद, आणि आज लाटेत खडखडतोय.

अजून एक बारकावा, जो बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतो. त्या गोट्यांच्या थराच्या अगदी माथ्यावर काही दगड असे मिळतात ज्यांच्या बाजू सपाट तासल्यासारख्या, मधे धारदार कड आणि वर चकाकी. हे पाण्याचं काम नाही. नदी आटली, हवा आणखी कोरडी झाली, आणि गोटे उघड्यावर पडून राहिले, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने त्यांना एका बाजूने तासून काढलं. हवामान बदलल्याची नोंद त्या बोटभर दगडावर आहे.

पुढे लॅड्रम बे. गडद लाल कडे, आणि समुद्रात उभे लाल सुळके, माथ्यावर हिरवं गवत. या दगडात उभ्या, गाठाळ, फिकट नळ्यांसारख्या आकृती दिसतात, त्या म्हणजे मुळं. झाडांच्या मुळांभोवती चुना साचला, मुळं कुजून गेली, चुन्याचा साचा राहिला. मुळं खोलवर सरळ गेलेली, पाणी शोधत. इतक्या लाल, इतक्या कोरड्या दगडात झाडं होती, नदीकाठी तग धरून होती, हे बघून त्या ओसाड चित्रात एकदम जीव येतो.

आणि सिडमथच्या पूर्वेला खाली लाल चिखलदगड, वर पिवळसर क्रेटेशियस दगड, मधे एक स्वच्छ रेषा. त्या रेषेत दहा कोटींहून जास्त वर्षं गेली आहेत. सिकार पॉइंटइतकी प्रसिद्ध नाही, पण पुळणीवरूनच दिसते.

समुद्रात उभे राहिलेले सुळके आणि कमानी कशा होतात?

कड्याला भेगा असतातच, उभ्या, जवळजवळ सरळ रेषेत. लाट आपटली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की सुटते, असं दिवसरात्र. वर लाटेबरोबर आलेली वाळू आणि गोटे घासतात. भेग रुंद होते, गुहा होते, टोकाच्या दोन्ही बाजूंनी गुहा आत आल्या की आरपार कमान, कमानीचं छत पडलं की सुळका, आणि सुळका पडला की ओहोटीला दिसणारा बुंधा. हा क्रम सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो दाणे कशाने चिकटलेत त्यावर. सिलिकाने चिकटले असतील तर दगड कणखर, चुन्याने असतील तर पाण्यात हळूहळू सुटतो, आणि नुसत्या मातीने किंवा लोहाच्या लेपाने धरले असतील तर बोटांनी सुद्धा भुगा होतो. लॅड्रमचे सुळके टिकलेत कारण त्यांच्या पायथ्याशी जरा कठीण पट्टा आहे.

ऑर्कनी बेटांमधला ओल्ड मॅन ऑफ हॉय हा याचा राजा. १३७ मीटर उंच, ओल्ड रेडचा, आणि पायाशी बसाल्ट लाव्हाचा कठीण चौथरा. बघून वाटतं अनादि काळापासून उभा असेल. पण १७५० च्या सुमाराच्या नकाशात तो नाहीच, तिथे जमिनीचं टोक दाखवलंय, आणि १८१९ च्या चित्रात तो बराच रुंद आणि खाली कमान असलेला, दोन पाय असल्यासारखा दिसतो. म्हणजे आत्ताचं रूप जेमतेम दोनशे वर्षांचं. १९६६ मधे ख्रिस बॉनिंग्टन, रस्टी बेली आणि टॉम पॅटी पहिल्यांदा त्याच्यावर चढले, पुढच्या वर्षी बीबीसीने चढाई थेट दाखवली.

जाणाऱ्यांची यादी पण मोठी आहे. मोरोक्कोत लेगझिराला दोन दांडग्या लाल कमानी होत्या, त्यातली एक सप्टेंबर २०१६ मधे कोसळली. त्याच वर्षी मार्चमधे कॅनडात बे ऑफ फंडीच्या होपवेल रॉक्समधल्या एलिफंट रॉकचा मोठा भाग पडला. तिथे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरहून जास्त असतो, पाणी रोज दोनदा सुळक्यांचा बुंधा खाऊन जातं, म्हणून ते खाली बारीक आणि वर फुगलेले, माथ्यावर झाडं. प्रिन्स एडवर्ड आयलंडचा टीकप रॉक सप्टेंबर २०२२ मधे फियोना वादळात एका रात्रीत नाहीसा झाला. लोक हळहळतात आणि ते बरोबरच आहे, आवडती गोष्ट गेली की वाईट वाटणारच. पण ज्या कारणाने कमान झाली त्याच कारणाने ती पडली, आणि तेच कारण शेजारच्या कड्यात पुढची कमान कोरतंय.

किनारा वर्षाला किती मागे सरकतो?

प्रिन्स एडवर्ड आयलंडवर मोजलंय, सरासरी वर्षाला २८ सेंटिमीटरच्या आसपास. पण सरासरीवर विसंबू नका. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका वादळात काही मीटर जातात. तिथे हिवाळ्यात किनाऱ्याला बर्फ धरतो तेव्हा लाटा पोचत नाहीत, बर्फ कमी धरला की कड्याला हिवाळ्यातली वादळं पण झेलावी लागतात.

मग भिंत बांधून थांबवत का नाहीत?

काही ठिकाणी बांधतात, बांधावीच लागते. डॉलिशला ब्रुनेल या इंजिनियरने आखलेला रेल्वेमार्ग १८४६ पासून लाल कड्याच्या पायथ्याशी, समुद्राला अगदी खेटून जातो. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंत फुटली, रूळ हवेत लोंबकळत राहिले, दोन महिने मार्ग बंद होता. नंतर आणखी उंच भिंत बांधली. तिथे दुसरा पर्याय नाही, आख्ख्या भागाची रेल्वे त्यावर आहे.

पण भिंत लाटा अडवते, पाऊस आणि गोठणारं पाणी नाही अडवत. जर्मनीचं हेलिगोलँड बेट घ्या, उत्तर समुद्रात एकटं उभं लाल बेट, खाली खोलवर मिठाचा थर वर फुगल्यामुळे ते समुद्राबाहेर ढकललं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम बाजूला मोठी संरक्षक भिंत बांधली, तरीही लांगे आना नावाचा ४७ मीटरचा सुळका वरून झिजतोच आहे, भेगांत पाणी जातं, गोठतं, फुगतं, दगड सुटतो.

आणि दुसरी अडचण मोठी आहे. कडा पडतो तेव्हाच पुळणीला वाळू मिळते. इथे कडा बांधून काढला की पुढच्या गावाची पुळण उपाशी, आणि पुळण गेली की लाटा थेट त्यांच्या कड्यावर. सिडमथला कड्यावरच्या घरांच्या बागा तुकड्या-तुकड्याने जातायत, त्या लोकांची काळजी खरी आहे आणि त्यांना बाहेरून उपदेश करणं मला पटत नाही. तरी जिथे वर घर नाही, रेल्वे नाही, तिथे किनाऱ्याला त्याच्या मर्जीने मागे सरकू द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. झिजणं थांबलं की कड्यावर माती आणि झुडपं चढतात, थर झाकले जातात, रंग पण जातो.

पावसानंतर समुद्र लाल होतो, ते प्रदूषण असतं का?

लाल कड्याखाली असेल तर बहुतेक वेळा नाही. चिखलदगडाचा बारीक गाळ पाण्यात तरंगतो, हेमॅटाइट त्यातच असतं, काही दिवसांत खाली बसतो.

कडा लाल मग खालची वाळू फिकट का?

वर सांगितलेला पापुद्रा आठवा. लाटेत दाणे एकमेकांवर घासले की तो निघून जातो आणि मूळ गारेचा रंग उरतो. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर हे एका बेटावर बघायला मिळतं, काही किनारे कड्यासारखेच लाल आणि उत्तरेकडचे काही, जिथे वाळू लाटांनी आणि वाऱ्याने खूप घोळलेली आहे, ते फिकट.

लाल दगडात जीवाश्म मिळतात का?

कमी मिळतात. ऑक्सिजन भरपूर म्हणजे कुजणंही भरपूर, टिकायला अवघड. पण मिळतात ते फार मोलाचे. डेव्हनच्या लाल वालुकाश्मात ऱ्हिंकोसॉर नावाच्या, चोचीसारखं तोंड असलेल्या शाकाहारी सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं मिळाली आहेत. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर १८४५ मधे एक जबड्याचा तुकडा सापडला, आधी डायनोसॉरचा समजला गेला, आता तो डायमेट्रोडॉनचा धरला जातो, पाठीवर शिडासारखा पंखा असलेला तो प्राणी, जो सस्तन प्राण्यांच्या नात्यात जास्त जवळ आहे. ओल्ड रेडच्या माशांचं मोठं काम स्कॉटलंडच्या ह्यू मिलरने केलं, जो मुळात दगड फोडणारा गवंडी होता, हातातल्या छिन्नीने दगड उघडता उघडता शिकलेला.

आणि ब्रूमला डायनोसॉरच्या पाऊलखुणा आहेत. गँथॉम पॉइंटच्या खुणा अगदी खालच्या ओहोटीलाच उघड्या पडतात, तीन बोटांच्या, ओल्या लाल दगडात उमटलेल्या. ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जावं लागतं. वर कड्यावर त्यांचे साचे ठेवलेत पण खऱ्या खुणेपाशी वाकून बघणं ते वेगळंच.

पक्षी या कड्यांवर एवढे का असतात?

थरांमुळे. एक थर मऊ, एक कठीण, मऊ थर आत झिजतो आणि कठीण थराची फळी बाहेर राहते, फळ्याच फळ्या, खालून कुणी चढू शकत नाही अशा. गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी घरटं बांधतच नाहीत, उघड्या फळीवर एक अंडं, एका टोकाला निमुळतं. हेलिगोलँडला जूनमधे त्यांची पिल्लं, उडता येत नसताना, कड्यावरून थेट समुद्राकडे उडी घेतात. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सेंट बीज हेड हा ट्रायासिक लाल कडा आहे, काळे गिलेमॉट इंग्लंडमधे फक्त तिथेच वीण करतात. आणि जिथे दगड अगदी मऊ तिथे वाळूत बिळं करणाऱ्या पाकोळ्या.

म्हणजे कुठलाही लाल किनारा दिसला की वालुकाश्म समजायचा का?

अजिबात नाही, ही गल्लत फार होते. सँटोरिनीची रेड बीच आणि माउई बेटावरची लाल पुळण ज्वालामुखीच्या लोहयुक्त राखेची आणि खड्यांची आहे. इराणच्या होर्मुझ बेटाची लाल माती म्हणजे गेरू. इंग्लंडच्या हन्स्टंटनला कड्यात लाल पट्टा आहे तो चक्क लाल खडूचा, वर पांढरा खडू. आणि जांभा पण लाल असतो, पण तो दुसऱ्या खडकाच्या उष्ण-दमट हवेत झालेल्या झिजेतून तयार होतो, त्यात भोकं असतात, थर नसतात. ओळखायचं सोपं: दाणे दिसतायत का, आणि थर दिसतायत का. दोन्ही हो असेल तर वालुकाश्म असण्याची शक्यता दांडगी.

फोटोसाठी कुठली वेळ चांगली?

सूर्य खाली असताना, आणि कडा ओला असताना. कोरड्या दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून रंग धुवट वाटतो, ओला झाला की उजेड आत जातो आणि रंग गडद होतो. भर दुपारी तोच कडा निस्तेज दिसतो. कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते आधी बघा, हेलिगोलँडची पश्चिम बाजू संध्याकाळची, पूर्वेकडे बघणारे कडे सकाळचे. आणि कॅमेऱ्याने लाल आणखी भडकवू नका, दगडात विटकरी, गुलाबी, तपकिरी, जांभळट अशा कितीतरी छटा असतात त्या सगळ्या एक होऊन जातात.

कड्याखालून चालणं धोक्याचं आहे का?

हो. मऊ वालुकाश्म सूचना देऊन पडत नाही. जोराच्या पावसानंतर आणि भेगांत गोठलेलं पाणी वितळताना तर कड्याखाली जाऊच नका, आणि एरवीही पायथ्यापासून लांबून चाला, पायथ्याशी ताज्या लाल भुग्याचे आणि धारदार तुकड्यांचे ढीग असतील तर तिथे नुकतंच पडलंय असं समजा. वरून चालताना कडेला जाऊ नका, खालून पोखरलेलं असतं आणि वर नुसती गवताची चटई लोंबत असते. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते भरतीमुळे, दोन टोकांच्या मधल्या पुळणीवर रमले आणि मागची वाट पाण्यात गेली. ओहोटी संपायच्या आत परत फिरा. आणि लाल कड्यावर चढून सुटका करून घ्यायचा विचार करू नका, हातात धरलेला दगडच सुटून येतो.

एखादा गोटा आठवण म्हणून आणला तर चालेल?

बडली सॉल्टर्टनला तर मनाईच आहे, तशा पाट्याच लावल्यात, कारण ते गोटे म्हणजे त्या गावाचं लाटांपासूनचं संरक्षण आहे. बाकी ठिकाणचे नियम वेगवेगळे, जायच्या आधी बघून घ्या. कड्यात हातोडी मारू नका, खाली पडलेलं भरपूर असतं, भिंगाने तिथेच बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा.